मारबत आणि बाकाबाई : नागपूरच्या प्रतिमाकलेत उरलेली एक राणी

१

श्रावण अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, पूर्व नागपुरातील जुन्या वस्त्यांत सकाळपासूनच गर्दी उसळते. इतवारी, मस्कासाथ, जागनाथ बुधवारी, लकडगंज या परस्परांना लागून असलेल्या पेठांतील आणि आसपासच्या खेड्यांतील लोक त्या दिवशी दोन प्रचंड स्त्रीप्रतिमांची मिरवणूक पाहावयास जमतात. एक प्रतिमा काळी असते, दुसरी पिवळी. दोघींनाही ‘मारबत’ हेच नाव आहे. इतवारीतून निघणाऱ्या काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासून चालत आल्याचे त्या त्या उत्सवाचे चालक सांगतात. या दोघींबरोबर ‘बडगे’ या नावाच्या पुरुषप्रतिमाही असतात. महागाई, लाचलुचपत, काळाबाजार, एखाद्या वर्षी लोकांच्या रोषास पात्र झालेली एखादी गोष्ट, असे बडग्यांचे विषय दरसाल बदलतात. मारबतीचे रूप मात्र सहसा बदलत नाही. मिरवणूक संपली की या सर्व प्रतिमा वस्तीबाहेर नेऊन जाळण्यात येतात.

या उत्सवाचे वर्णन नागपूरकरांस नवे नाही. अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट निराळी आहे. काळी मारबत ही कोणाची प्रतिमा, असा प्रश्न विचारला असता दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, ती कृष्णाला विषारी स्तन्य पाजावयास आलेली पूतना होय. दुसरे उत्तर असे की, ती नागपूरच्या भोसले घराण्यातील राणी बाकाबाई होय. तिने इंग्रजांशी हातमिळवणी केली, म्हणून लोकांनी तिच्या निषेधार्थ ही प्रतिमा जाळण्यास आरंभ केला. पहिली स्त्री पुराणातील आहे. दुसरीचा मृत्यू १८५८ साली झाला असून तिच्या हालचालींची नोंद समकालीन कागदपत्रांत सापडते. एका ऐतिहासिक स्त्रीचे चरित्र ग्रंथांत न राहता बांबू, गवत, कागद, कापड व रंग यांनी घडविलेल्या आणि दरसाल जळणाऱ्या मूर्तीत टिकून राहावे, ही घटना महाराष्ट्राच्या कलेतिहासात विरळा म्हटली पाहिजे. ही प्रतिमा त्या स्त्रीविषयी काय सांगते, कागदपत्रे काय सांगतात, आणि या दोहोंत जे अंतर पडले ते कशामुळे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

प्रथम इतिहास पाहू. बाकाबाई ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव ‘बांकाबाई’ असे येते. रघुजींच्या कारकीर्दीत नागपूरच्या राज्याने वैभव पाहिले आणि ऱ्हासही पाहिला. नोव्हेंबर १८०३ मध्ये आडगावच्या लढाईत पराभव झाल्यावर डिसेंबरात देवगावचा तह झाला. त्या तहान्वये कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड हातचे गेले. तथापि, इंग्रजांची तैनाती फौज आपल्या राज्यात ठेवून घेण्यास रघुजींनी अखेरपर्यंत संमती दिली नाही. २२ मार्च १८१६ रोजी ते निवर्तले.

त्यांच्यामागून गादीवर आलेला पुत्र परसोजी हा शरीराने व बुद्धीने दुर्बल होता. राज्य कोणी चालवावयाचे, यावरून दरबारात दोन तट पडले. एका बाजूस बाकाबाई व धर्माजी भोसले होते. दुसऱ्या बाजूस रघुजींचा पुतण्या मुधोजी उर्फ आप्पासाहेब. आप्पासाहेबाने धर्माजीस कैद केले, कारभार हाती घेतला आणि आपले आसन बळकट करण्यासाठी इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स याच्याशी संधान बांधले. मे १८१६ मध्ये तैनाती फौजेच्या तहावर सही झाली ती आप्पासाहेबाच्या राजवटीत. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजीचा खून झाला आणि आप्पासाहेब राजा झाला. पुढे तोच इंग्रजांवर उलटला. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. तीत नागपूरकरांचा पराजय झाला. आप्पासाहेब पकडला गेला, कैदेतून निसटला, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या साह्याने झुंजत राहिला आणि शेवटी १८४० मध्ये जोधपुरास परागंदा स्थितीत वारला. लोकांच्या स्मरणात त्याचा तह राहिला नाही, त्याची झुंज राहिली. हे स्वाभाविकही आहे.

१८१८ च्या जून महिन्यात रघुजींच्या कन्येचा पुत्र बाजीबा यास दत्तक घेऊन तिसरा रघुजी या नावाने गादीवर बसविण्यात आले. तो अल्पवयी होता. त्याचे पालकत्व आणि राजवाड्याची व्यवस्था बाकाबाईकडे आली. परंतु मुलुखाचा कारभार जेंकिन्सने स्वतःच्या हाती घेतला. १८२६ च्या तहानंतर तो टप्प्याटप्प्याने राजाकडे परत देण्यात आला. म्हणजे ज्या काळात बाकाबाई ‘सत्तेवर’ होती असे म्हटले जाते, त्या काळात तिची सत्ता मुख्यतः वाड्याच्या भिंतींच्या आतली होती.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. त्यांनी दत्तक घेतलेला नव्हता. लॉर्ड डलहौसीने हे निमित्त करून १८५४ च्या आरंभी नागपूरचे राज्य खालसा केले. या निर्णयास विरोध झाला नाही असे नाही. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याचे मत निराळे होते; गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कर्नल लो याने आपला विरोध लेखी नोंदविला. पण सर्वांत चिवट विरोध वाड्यातून झाला, आणि त्याच्या अग्रभागी वृद्ध बाकाबाई होती. राण्यांनी दत्तकाचा हक्क मागितला, अर्ज केले, विलायतेस वकील धाडले. वाड्यातील हत्ती, घोडे व बैल लिलावात मातीमोलाने विकण्यात आले. भोसल्यांचे जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. वाड्यातील सामान हलविल्यास वाड्यालाच आग लावीन, अशी धमकी बाकाबाईने दिल्याचे जॉन के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावावरील आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. सामान हलविण्यात आलेच.

त्यानंतर १८५७ साल उजाडले. १३ जूनच्या रात्री नागपूरजवळच्या टाकळी येथील घोडदळाने उठाव करावयाचा, असा बेत ठरला होता. तो फसला आणि पुढाऱ्यांना फाशी देण्यात आले. या प्रसंगी बाकाबाईने आपले सर्व वजन इंग्रजांच्या बाजूस टाकले. घराण्यातील कोणीही बंडात सामील होऊ नये, असा तिने आपल्या आप्तांना व आश्रितांना धाक घातला. मराठी मुलूख शांत राहिला याचे श्रेय इंग्रजी गॅझेटियरकारांनी बऱ्याच अंशी तिलाच दिले आहे. उठावानंतर भोसल्यांच्या दत्तक पुत्रास, जानोजीस, ‘देऊरचे राजे बहादूर’ ही पदवी मिळाली. राज्य मात्र परत मिळाले नाही.

३

ही हकीकत समोर ठेवून लोककथा तपासली म्हणजे तिच्यातील तीन विसंगती ध्यानात येतात.

पहिली विसंगती बडग्याविषयीची. बडगा हा बाकाबाईचा नवरा होय आणि बायकोच्या कटाला त्याने विरोध केला नाही म्हणून त्याचीही धिंड निघते, असे सांगतात. परंतु बाकाबाईचे पती दुसरे रघुजी १८१६ मध्येच वारले होते, आणि तैनाती फौजेला जन्मभर नकार देणारा भोसला राजा तोच होता. दुसरी विसंगती राज्य बुडविण्याच्या आरोपाविषयीची. इंग्रजी फौजेला नागपुरात प्रथम आणणारा तह बाकाबाईचा नसून तिच्या प्रतिस्पर्ध्याचा होता. आणि १८५४ मध्ये राज्य गेले ते तिने दिले म्हणून नव्हे, तिचा विरोध डावलून गेले. तिसरी विसंगती काळाविषयीची. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची मानली, तर ती बाकाबाईच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी सुरू झाली. निषेधाच्या आरंभी निषेधाचा विषयच हयात नव्हता.

एवढ्यावरून बाकाबाई निर्दोष ठरते, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. १८५७ मधील तिचे वर्तन हे लोककथेतील अस्सल बीज आहे आणि ते नाकारता येत नाही. ज्यांनी टाकळीच्या कटात प्राण गमावले, त्यांच्या शहराने तिला विसरू नये, यात अन्याय नाही. पण एका वर्षाच्या वर्तनावरून चाळीस वर्षांचे चरित्र रंगविले गेले. राज्य बुडण्याची सगळी जबाबदारी, जिच्यात अनेक पुरुषांचा हात होता, एका विधवेच्या पदरात टाकली गेली. पुरुषांच्या नोंदी तह, लढाया व मसलती यांच्या रूपाने पृथक् पृथक् राहिल्या. स्त्रीची नोंद एकाच मूर्तीत गोठून गेली. हे कसे घडले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर राजकीय इतिहासात मिळत नाही. ते भाषेत आणि मूर्तीत शोधले पाहिजे.

४

मिरवणुकीत जो घोष चालतो, त्याचे व्याकरण या दृष्टीने लक्षणीय आहे. रोगराई, इडापिडा, ढेकूण, डास आणि त्या त्या वर्षीची संकटे यांची नावे घेऊन लोक मारबतीला ‘घेऊन जा’ असे म्हणतात. क्रियापद आज्ञार्थी आहे, आणि संबोधनासाठी ‘गे’ हे अव्यय येते. ‘गे’ हे मराठीत आई, बहीण, सखी वा देवी यांना हाक मारताना योजावयाचे अव्यय होय. वैऱ्याला कोणी ‘गे’ म्हणत नाही. शिवाय ‘जा’ एवढेच म्हणावयाचे असते तर ती हकालपट्टी झाली असती. ‘घेऊन जा’ ही विनंती आहे. जी घेऊन जाते ती संकटाची कर्ती नसून वाहक असते. घोषाच्या शब्दांत मारबत अपराधी नाही. ती गावाचे ओझे डोक्यावर घेऊन वेशीबाहेर निघालेली बाई आहे.

ही कल्पना महाराष्ट्राच्या ग्रामधर्मात सर्वत्र आढळते. पटकीची साथ आली असता मरीआईचा गाडा काढून तो वेशीबाहेर, पुढच्या गावाच्या शिवेवर पोचता करण्याची रीत होती. देवी रोग देते आणि रोग नेतेही. तिची ओटी भरावयाची व तिला वाटेला लावावयाचे, हे दोन्ही विधी एकाच श्रद्धेचे अंग आहेत. पिवळ्या मारबतीला आजही नैवेद्य दाखवितात, स्त्रिया तिची पूजा करतात आणि मुलाबाळांना सुखी ठेव असे मागणे मागतात. ज्या प्रतिमेला सायंकाळपर्यंत जाळावयाचे, तिला सकाळी हळदकुंकू वाहावयाचे, यात नागपूरच्या स्त्रियांना कधी विरोध वाटला नाही.

पूतनेचे नाव येथे का आले, याचाही उलगडा यावरून होतो. पूतना ही केवळ भागवतातील राक्षसी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जे बालग्रह सांगितले आहेत, त्यांत पूतना, अंधपूतना व शीतपूतना अशी तीन नावे आहेत. लहान मुलांना होणाऱ्या रोगांची ती नावे होत. म्हणजे पूतना ही आधी तान्ह्या मुलांचा रोग आणि मग कथेतील पात्र. आता हे ध्यानात घ्यावे की, नागपुरात मारबतीचा दिवस हाच ‘तान्ह्या पोळ्या’चा दिवस असतो. बैलपोळा मोठ्यांचा, तान्हा पोळा मुलांचा. लाकडी बैलांना सजवून मुले त्या दिवशी मिरवतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ही चाल सुरू केली, असे परंपरा सांगते. ‘तान्हा’ या शब्दाचा अर्थ अंगावर पिणारे मूल असा आहे. ज्या दिवशी मुलांचा सण, त्याच दिवशी मुलांचे रोग नेणाऱ्या बालग्रहाची पाठवणी, अशी ही जोडी आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आणि बांबूच्या कामट्यांची मारबत या एकाच विधीच्या दोन बाजू होत. आज जिथे लाकडाचा व्यापार चालतो त्या पेठेचे ‘लकडगंज’ हे नाव लाकडाच्या बाजारावरून पडले आहे. मराठी ‘तान्हा’ आणि फारसी ‘गंज’ यांच्या शेजारात नागपूरची ही मिश्र लोकसंस्कृती वाढली.

५

या जुन्या आकृतीवर बाकाबाईचे नाव बसले कसे? प्रतिमा घडविणारे कारागीर राणीचे सादृश्य साधीत नव्हते. भारतीय चित्रविद्येच्या षडंगांत सादृश्याला स्थान आहे. पण मारबतीचा कारागीर त्या मार्गाने जात नाही. तो लक्षणे घेतो. काळा रंग, मोठे डोळे, भव्य देह ही लक्षणे पूतनेची आहेत. कोणा एका चेहऱ्याची नव्हेत. प्रतिमेला चेहरा नसून जात असते, असे म्हणावयास हरकत नाही. अशा प्रतिमेत व्यक्तीचे नाव शिरावयाचे असेल, तर त्या व्यक्तीच्या चरित्रात आणि प्रतिमेच्या कथेत कोठे तरी सांधा जुळावा लागतो.

तो सांधा मातृत्वाचा आहे. पूतना आईच्या रूपाने येते आणि मुलाला विष देते. बाकाबाई अल्पवयी राजाची पालक होती. लोकांच्या दृष्टीने ती राज्याच्या तान्ह्या धन्याची आजी व सांभाळ करणारी. जिने दूध पाजावयाचे तिनेच परक्याच्या हाती दिले, हा आरोप पूतनेच्या कथेत अचूक बसतो. पुरुषाने तह केला तर त्याला मसलत म्हणतात, मुत्सद्देगिरी म्हणतात, फार तर फितुरी म्हणतात. पालक स्त्रीने तेच केले की ते विषारी स्तन्य ठरते. बाकाबाईचा दोष मोठा होता म्हणून ती मारबत झाली असे नाही. तिच्या दोषाला सामावून घेईल असा स्त्रीदेहाचा साचा समाजाजवळ आधीच तयार होता, म्हणून झाली.

नावानेही या कामी साह्य केले असावे. संस्कृत ‘वक्र’ शब्दापासून प्राकृतात ‘वंक’ आणि त्यापासून ‘बांका’ हा शब्द आला. मराठीत व हिंदीत ‘बांका’ म्हणजे ऐटदार, शूर, देखणा. पण मूळचा वाकडेपणाचा अर्थ लोप पावलेला नाही, आणि ‘बाका प्रसंग’ म्हणजे अडचणीचा प्रसंग, हा प्रयोग सर्वांच्या तोंडी आहे. कौतुकाने ठेवलेल्या नावात निंदेचा अर्थ ऐकू येऊ लागला की चरित्राची पुनर्रचना सोपी होते.

असे उदाहरण एकटे नागपूरचे नाही. इंग्लंडात १६०५ मध्ये पार्लमेंट उडविण्याचा कट फसल्यापासून ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सची प्रतिमा जाळण्याची चाल पडली. हिवाळ्याच्या तोंडी पेटणाऱ्या होळीला तेथेही एका ऐतिहासिक व्यक्तीचे नाव मिळाले. फरक इतकाच की, फॉक्सचा गुन्हा नेमका व एका रात्रीचा होता; बाकाबाईचा गुन्हा तिच्या नात्यावरून ठरला. युरोपात याहून जवळचे उदाहरण मीडियाचे आहे. ख्रिस्तपूर्व ४३१ मध्ये युरिपिडीसने आपल्या नाटकात तिला स्वतःची मुले मारणारी आई म्हणून रंगभूमीवर आणले आणि पुढील सर्व शतकांत तिची तीच ओळख राहिली. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ हिने १९९६ मध्ये कादंबरी लिहून हा आरोप उलटा तपासला. मुंबईच्या चित्रकर्त्री नलिनी मलानी यांनीही आपल्या चित्रांतून व प्रयोगांतून मीडिया, सीता, कॅसांड्रा या स्त्रियांकडे वारंवार वळून हाच प्रश्न हाताळला आहे. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या मलानींनी २००६ च्या एका चित्रात सीता व मीडिया यांना एकत्र आणले. एक सोसणारी आणि एक सूड घेणारी, अशी परंपरेने केलेली ही विभागणी मुळातच तपासून पाहावी, असे ती जोडी सुचविते. दोषी ठरलेल्या स्त्रीचे नाव पुन्हा उच्चारून तिची बाजू ऐकावयाची, ही आधुनिक स्त्रीकलावंतांची एक मोठी कामगिरी होय. नागपूरचा कारागीर तसे करीत नाही. पण त्याने जपलेल्या मूर्तीत त्या प्रश्नाचे सगळे साहित्य पडून आहे.

६

याच शहरात दुसरी एक स्त्रीप्रतिमा आहे. सीताबर्डीच्या चौकात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा अश्वारूढ पुतळा उभा असून त्या चौकाला त्यांचेच नाव मिळाले आहे. मारबत आणि हा पुतळा यांचा एकत्र विचार केला म्हणजे काही गोष्टी स्पष्ट होतात.

झाशीचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले आणि नागपूरचे रघुजी त्याच वर्षी ११ डिसेंबरला. दोन्ही मृत्यूंत वीस दिवसांचे अंतर आहे. दोन्ही राज्ये १८५४ मध्ये एकाच धोरणाने खालसा झाली. दोन्हीकडे वाड्यातील विधवांनी प्रथम कायद्याचा मार्ग धरला. लक्ष्मीबाईंनी खलिते लिहिले आणि जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. बाकाबाईने व इतर राण्यांनी विलायतेस वकील पाठविले. जून १८५७ मध्ये झाशीत इंग्रजांची कत्तल झाल्यानंतर लक्ष्मीबाईंनी इंग्रज अधिकाऱ्यांस पत्रे लिहून आपली असहायता कळविली होती, हेही कागदपत्रांवरून सिद्ध आहे. मार्ग फुटला तो त्यानंतर. लक्ष्मीबाईंनी तलवार धरली आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ त्या धारातीर्थी पडल्या. त्याच वर्षी बाकाबाई नागपुरात आपल्या वाड्यात वारली. तरुण राणीपुढे दत्तक पुत्राचे भवितव्य होते आणि उरलेला एकच रस्ता रणांगणाचा होता. वृद्ध राणीने १८०३ पासूनचे पराभव पाहिले होते, सीताबर्डीची तोफ ऐकली होती, आप्पासाहेबाचे वनवास ऐकले होते. तिने घराणे वाचविण्याचा हिशेब केला. तो हिशेब देशाच्या दृष्टीने चुकीचा ठरला, पण तो हिशेब होता, विषप्रयोग नव्हता.

या दोघींतील अंतर मोठे आहे आणि ते पुसून टाकण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंचा पुतळा उभा आहे तो योग्य ठिकाणी उभा आहे. पण कलेने या अंतराचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. एकीला धातुपाषाणासारखे टिकाऊ रूप, घोडा, नाव व चौक मिळाला. दुसरीला कागद, कापड, परकी ओळख आणि अग्नी. एकीचा व्यक्ती म्हणून गौरव झाला. दुसरी व्यक्ती म्हणून शिक्षेलाही उरली नाही, ती पूतनेत विरून गेली. वीरांगना आणि राक्षसी या दोन साच्यांच्या मधल्या जागेत इतिहासातील बहुसंख्य स्त्रिया जगल्या. तडजोड करणाऱ्या, अर्ज लिहिणाऱ्या, घराणे सांभाळणाऱ्या, चुकणाऱ्या अशा त्या स्त्रिया होत. त्यांच्यासाठी आपल्या सार्वजनिक प्रतिमाकलेत तिसरे रूप घडलेले नाही.

७

मारबत बंद करावी किंवा तिचा अर्थ बदलावा, असे कोणी सुचविण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवास १८९३ मध्ये चालना दिली, त्याच्या आधीच नागपूरच्या कष्टकरी वस्त्यांनी रस्त्यावर आणलेला हा लोकोत्सव आहे. परकी सत्तेविषयीचा राग बोलून दाखविण्याची सोय ज्या काळी फार थोडी होती, त्या काळी लोकांना तो राग राक्षसीच्या नावाने रस्त्यात मांडता आला, हे या प्रतिमेचे मोठे कार्य होय. राणीचे नाव घेणे त्या मानाने सोपे होते. गव्हर्नर जनरलची प्रतिमा जाळणे सोपे नव्हते. डलहौसीचा भार बाकाबाईने वाहिला, असेही म्हणता येईल. घोषातील ‘घेऊन जा’ या शब्दांचा हा आणखी एक अर्थ.

इतिहासाच्या अभ्यासकाचे काम एवढेच की, मूर्ती जळून गेल्यावर मागे उरलेली माणसे त्याने वेगवेगळी ओळखावीत : बालग्रह वेगळा, पुराणातील पूतना वेगळी, आणि १८५४ मध्ये वाड्यातील सामान नेणाऱ्यांना आग लावण्याची धमकी देणारी वृद्ध विधवा वेगळी. आग लावीन म्हणणाऱ्या त्या बाईलाच पुढे दरसाल आग लागावी, हा योगायोग कोणाही वाचकास अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही.

पूतनेच्या कथेचा शेवट येथे लक्षात घेण्याजोगा आहे. भागवताच्या दशम स्कंधात गोकुळातील लोक पूतनेचा देह जाळतात, तेव्हा त्या चितेतून अगरूचा सुगंध दरवळतो असे वर्णन आहे. विष पाजावयास आली असली तरी तिने स्तन दिला, म्हणून तिला मातेची गती मिळाली, असा तेथील निर्णय आहे. पुराणकारांनी राक्षसीच्याही चरित्रातील एक क्षण तिच्या बाजूने मोजला. ज्या परंपरेने बाकाबाईला पूतनेचे नाव दिले, त्याच परंपरेत हा न्यायही नमूद आहे. नागपूरच्या राणीच्या चरित्राला तो लावून पाहण्यास अद्याप उशीर झालेला नाही.